रिजायनाचा तुकडा

आमच्या गावाच्या मधून जो मोठा रस्ता जातो, त्याच्या पश्चिमेला अल्बर्टा आणि पूर्वेला सस्कॅचेवन. गाव एकच, लॉइडमिन्स्टर. महापौर एक, घड्याळ एक, थंडीही एकच. प्रांत मात्र दोन, त्यामुळे प्रांताचे प्राप्तिकरही दोन. अल्बर्टाचा कमी, सस्कॅचेवनचा जास्त. यावरून आमच्याकडे जेवढी भांडणं होतात तेवढी हॉकीवरूनसुद्धा होत नाहीत.

आमचं दुकान शेतीच्या यंत्रांचं, अल्बर्टाच्या बाजूला. सुट्या भागांच्या काउंटरवर मी, लॉर्न, बत्तीस वर्षं उभा आहे. आमचे पगार काढते नेटी हॉर्बे. नेटीची ओळख करून द्यायची तर आधी सॉसेजची करून द्यायला हवी.

नवीन माणसाला पहिला पगार मिळाला की तो हमखास तोंड पाडून नेटीच्या टेबलाशी येतो. गेल्या वर्षी रोवेना आली. फिलिपिन्सची, हिशेबात हुशार, पण पगाराचा कागद हातात धरून रडवेली झालेली.

"मला सांगितला होता त्यापेक्षा हा कितीतरी कमी आहे."

नेटीने चष्मा वर ढकलला, खणातून लसणाचं लांबलचक सॉसेज काढलं, लाकडी फळीवर ठेवलं आणि सुरी घेतली. हे सॉसेज ती घरी करते, युक्रेनी पद्धतीने. आजीच्या हाताची चव तिच्या हातात उतरलीय असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे मी.

"हा तुझा पगार, ठरला तेवढा, अख्खा. आता बघ. हा तुकडा ओटावाचा, म्हणजे केंद्र सरकारचा. हा एडमंटनचा, अल्बर्टा प्रांताचा. हा म्हातारपणच्या पेन्शनचा. हा नोकरी सुटली तर कामी येणाऱ्या विम्याचा. उरलं ते तुझं, घरी ने. पण वाटेत दुकानात शिरलीस," असं म्हणत तिने उरलेल्याचं एक टोक उडवलं, "की शंभरामागे पाच विक्रीकर. तो या कागदावर दिसत नाही, म्हणून लोक विसरतात आणि मग पैसे कुठे गेले म्हणून मला विचारतात."

रोवेनाच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

"राहतेस कुठे?"

"पूर्वेला. तिकडे भाडं कमी पडलं."

"मग थांब." नेटीने आणखी एक चकती कापली आणि बशीत वेगळी ठेवली. "हा रिजायनाचा तुकडा. सस्कॅचेवन सरकारचा. आत्ता कोणी मागणार नाही. दुकान अल्बर्टात, म्हणून मी अल्बर्टाच्या दरानेच कापते. पण एकतीस डिसेंबरला तुझं घर ज्या प्रांतात, त्या प्रांताचा कर, आणि तो अख्ख्या वर्षाचा. एप्रिलमध्ये फरक भरावा लागतो. हा तुकडा आज खाल्लास तर एप्रिलमध्ये पोटात दुखेल."

"मग काय करू?"

"फॉर्म भर. दर पगारातून इतके जास्त कापा असं त्यावर लिही. मी कापते. एप्रिलमध्ये निवांत झोप."

रोवेनाने तिथल्या तिथे फॉर्म भरला. धडा संपला की तुकडे आम्ही वाटून खातो. ओटावाचा मोठा असतो, तो मी घेतो.

दुकानातल्या पूर्वेला राहणाऱ्यांपैकी एकाच माणसाने हा फॉर्म कधी भरला नव्हता. आमचा मेकॅनिक व्हर्न फ्रॉस्टॅड. वय एकसष्ट, पूर्वेला स्वतःच्या हाताने बांधलेलं पिवळं घर, मागे बटाट्याचा वाफा. बंद पडलेला ट्रॅक्टर नुसता आवाजावरून ओळखणारा, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. फॉर्मचं नाव काढलं की मात्र म्हणायचा, "हातात आलेला पैसा माझा. एप्रिलचं एप्रिलमध्ये बघू."

आणि एप्रिल आला की बुटांच्या खोक्यात कागद कोंबून, दुसऱ्या हातात डोनट घेऊन नेटीपुढे हजर. नेटी त्याचा कर भरून द्यायची आणि तासभर झाडायची. "दर वर्षी तेच! कुत्र्याचं शेपूट बरं." व्हर्न खाली मान घालून ऐकायचा आणि खूश होऊन परत जायचा. नऊ वर्षं हे चाललं होतं. अरे, शिव्या खायला कोणी नऊ वर्षं डोनट घेऊन येतं का? दुकानात झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना कळलं होतं. नेटीचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पश्चिमेला ती एकटीच राहायची. तिला जगातलं सगळं कळायचं, हे सोडून.

ऑक्टोबरमध्ये व्हर्न तिला जेवायला नॉर्थ बॅटलफर्डला घेऊन गेला. आमच्या गावात सस्कॅचेवनचा विक्रीकर लागत नाही, ती आमची जुनी सवलत. पण बॅटलफर्ड आत सस्कॅचेवनात, तिथे पाचावर आणखी सहा. नेटीने बिल हातात घेतलं आणि अकरा टक्क्यांवर वीस मिनिटं बोलली. व्हर्न म्हणे ऐकत बसला होता. परत आल्यावर मी विचारलं, "मग? विचारलंस का?" तर म्हणतो, "मध्ये जागाच मिळाली नाही."

सत्तावीस डिसेंबरला कॉफीच्या वेळी मी नेटीच्या खोलीत एक पावती शोधत होतो. व्हर्न आत आला. केस विंचरलेले, हात कोपरापर्यंत धुतलेले. मला वाटलं, कोणी गेलं बिलं की काय.

"नेटी, मी विचार करत होतो," तो म्हणाला. "आपण एकत्र राहावं. लग्न करून. आणि मी एकतीसच्या आत तुझ्याकडे राहायला आलो ना, तर माझा यंदाचा सगळा कर अल्बर्टाचा! सातशे डॉलर वाचतात. तूच शिकवलंस."

बिचाऱ्याचा चेहरा असा उजळला होता, जसा धडा पाठ म्हणून दाखवलेल्या पोराचा. माझ्या हातात ग्रीसची बंदूक असती तर तिथेच त्याच्या तोंडात घातली असती.

नेटीने पेन खाली ठेवलं. "व्हर्न, तुला बायको हवीय की पत्ता?"

"दोन्ही. म्हणजे... तसं नाही..."

"अकरा वर्षं मी एकटी राहतेय, माझं काही अडलेलं नाही. तुझ्या सातशे डॉलरसाठी मी घरात भाडेकरू घेणार नाही. जा, तुझा ट्रॅक्टर खोळंबलाय."

त्या दिवशी सॉसेज निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नेटी कोणाशी बोलेना, व्हर्न ट्रॅक्टरखालून बाहेर येईना. मला खरंच वाईट वाटलं. दोन चांगली माणसं, सात मिनिटांच्या अंतरावर राहणारी, आणि मध्ये हा मूर्खपणा. मी ट्रॅक्टरशेजारी उकिडवा बसलो.

"गाढवा, लग्नाची मागणी घालताना कराचं कोणी काढतं का?"

खालून पाना ठेवल्याचा आवाज आला. मग व्हर्न म्हणाला, "लॉर्न, ऑक्टोबरपासून तोंड उघडायचं म्हणतोय. उघडतच नाही. तिच्याशी करावर बोलायला लागलो की तेवढी जीभ चालते. म्हणून तिथून सुरुवात केली."

"मग हेच तिला सांग."

"सांगता आलं असतं तर ही वेळ आली असती का?"

"मग लिहून दे."

"मला काय लिहिता येतं? फॉर्म येतात. तेही तीच भरते."

तीस तारखेला सकाळी नेटीने मला हाक मारली. तिच्या ट्रेमध्ये एक कागद होता. तोच फॉर्म, जो नऊ वर्षं व्हर्नने हातात धरला नव्हता. अक्षर ग्रीस लागलेल्या बोटाचं. नाव, फ्रॉस्टॅड. पत्ता, पूर्वेच्या पिवळ्या घराचा. म्हणजे तो तिथेच राहणार होता, अल्बर्टाचा बेत सोडून. आणि दर पगारातून जास्त किती कापायचे या रकान्यात आकडाच नव्हता. लिहिलं होतं, 'नेटी म्हणेल तेवढे.'

नेटीने चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"नऊ वर्षं मागे लागले होते याच्या," ती म्हणाली.

मग मी तिला ऑक्टोबरचं, ट्रॅक्टरखालचं, सगळं सांगितलं.

"हे आधी का नाही बोललास, मेल्या?"

"तू कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवतेस?"

फॉर्म तिने खणात ठेवला, सॉसेजशेजारी.

एकतीस तारखेला दुपारी फोन आला. "लॉर्न, ट्रक घेऊन ये. पाठीला पट्टा बांधून ये."

तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोन पेट्या, एक शिवणयंत्र आणि तिचा डीप फ्रीझर तयार होता. आत चारशे पिरोही, कणकेच्या पारीत बटाट्याचं सारण भरलेले. घर तिने भाचीला देऊन टाकलं होतं. फ्रीझर तीन जिने उतरवताना मी जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही. बाहेर तापमान उणे एकतीस होतं, त्यामुळे पिरोही वितळायची काळजी तेवढी नव्हती.

"लग्न?" मी ट्रकमध्ये विचारलं.

"आमच्या युक्रेनी नाताळानंतर. सात जानेवारी होऊ दे. फादरना फोन केलाय."

"नेटी, पण आज तारीख..."

"गाडी चालव."

मोठा रस्ता ओलांडला. व्हर्नने दार उघडलं तेव्हा पायात नुसते मोजे होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं, ट्रकवरच्या फ्रीझरकडे पाहिलं. आणि शेवटी नेटीचाच विद्यार्थी तो, पहिलं वाक्य काय बोलला?

"नेटी, आज एकतीस आहे."

"कळतंय."

"आज आलीस म्हणजे तुझं सगळं वर्ष रिजायनाला जाणार. उद्या आली असतीस तर..."

"तर माझे सातशे बेचाळीस डॉलर वाचले असते. सकाळी दोनदा हिशेब केलाय."

व्हर्नने विचारलं, "मग आज का?"

"कारण बायको आलीय, पत्ता नाही," नेटी म्हणाली. "आता दार लाव. ऊब बाहेर जातेय."

त्याने लगेच दार लावलं. फ्रीझर आणि मी बाहेरच होतो.