कोकिलाबेनकडे ठेवलेलं प्रस्थान

आधी कबूल करा, हसणार नाही. नाही, राहू द्या, हसाच. गेला महिनाभर मी एकटाच हसतोय आणि एकट्याने हसणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक जरा संशयाने बघतात.

मी इथे गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये एकतीस वर्षं डिस्पॅच क्लार्क होतो. डिस्पॅच म्हणजे कापडाची कुठली गाठ, कुठल्या ट्रकने, कुठल्या कागदासोबत, कधी निघणार ते बघणं. एकतीस वर्षांत माझी एकही गाठ चुकीच्या गावी गेली नाही. निवृत्तीच्या समारंभात मी हे भाषणात सांगितलंही होतं, पण लोक जेवणाची वाट बघत होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात राहिलं नसेल.

तर अशा या माणसावर एकदाच, फक्त एकदाच, घरातलं माणूस पाठवायची वेळ आली. आणि काय झालं ते ऐका.

माणूस म्हणजे माझी सून, नेहा. मुलगा योगेश कॅनडात, हॅलिफॅक्सला. लग्नाला आला, पंधरा दिवस राहिला, गेला. बायकोला तिकडे न्यायचं तर नवऱ्याने तिथल्या सरकारकडे अर्ज करायचा आणि सरकारने त्यावर भरपूर विचार करायचा. तो विचार चालू होता तोवर नेहा माझ्याकडे, उधन्याच्या घरी. माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. नेहा येईपर्यंत आमच्या घरात आवाज करणारा एकच जीव होता, प्रेशर कुकर.

खरं सांगू? तो अर्जाचा काळ निवृत्तीनंतरचा माझा सगळ्यात चांगला काळ. रोज संध्याकाळी आम्ही दोघं फाइल घेऊन बसायचो. फॉर्म, फोटो, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला. एखादा कागद कमी निघाला की नेहाचा चेहरा उतरायचा आणि माझा, काय सांगू, थोडा खुलायचा. अजून दोन महिने!

पण शेवटी मंजुरी आलीच. फाइल बंद झाली की क्लार्कला काम उरत नाही. मग मी प्रवासाचं काम अंगावर घेतलं.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. कॅनडाच्या मातीला विमान पहिल्यांदा जिथे टेकतं, तिथेच सगळी कारवाई होते. अधिकाऱ्याला मंजुरीचा कागद दाखवायचा, त्याच्यासमोर सही करायची, तिथे कायम राहायचं कार्ड कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते सांगायचं, सामानाच्या याद्या द्यायच्या. सोबत आणलेल्या सामानाची वेगळी, मागून येणाऱ्याची वेगळी. म्हणजे टोरंटोला उतरून हे सगळं उरकायचं आणि मग हॅलिफॅक्सचं विमान धरायचं. मी ठरवलं, मध्ये पाच तास पाहिजेत.

"नाना, अडीच तास पुष्कळ झाले," योगेश फोनवर म्हणाला.

"आणि रांग असली तर?"

"रांग असतेच. पण ती सरकते."

"सरकणारी रांग मी जन्मात पाहिलेली नाही. पाच तास!"

रोज जेवणानंतर मी टेबलामागे अधिकारी होऊन बसायचो. नाव? नवऱ्याचं नाव? तो करतो काय? मागून काय काय येणार? नेहा उत्तरं द्यायची आणि मी चष्म्यावरून रोखून बघायचो.

"नाना, तिथला अधिकारी तुमच्याएवढा खडूस नसणार."

"बाई, तयारी खडूस माणसासाठीच करायची असते."

आता पाच तासांचं अंतर असलेलं तिकीट मिळालं ते नेमकं बुधवारचं. तसं पुढचं तिकीट थेट रविवारचं आणि मंजुरीच्या कागदाची मुदत शनिवारीच संपत होती. ती चुकली की मेडिकलपासून सगळं पुन्हा. म्हणजे बुधवारच.

मी असल्या गोष्टी मानत नाही हं. बरीच पुस्तकं वाचलेला माणूस आहे मी. पण माझी बायको म्हणायची, 'जाशील बुधी, येशील कधी?' बुधवारी गेलेलं माणूस लवकर परतत नाही. मी तिला हसायचो. या वेळी मात्र सहज, अगदी सहज, जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. योगेश पहिल्यांदा कॅनडाला गेला तो वार कोणता?

बुधवार!

यावर उपाय आमच्याकडे आहे. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू शेजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवायची. शास्त्राच्या हिशेबी माणूस त्याच दिवशी निघालं. मग प्रत्यक्षात कधीही जा, ती वस्तू वाटेत उचलून न्यायची. अट दोन. वस्तू खरोखर प्रवासाला जाणारी हवी, आणि एकदा बाहेर ठेवली की पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही.

शेजारी कोकिलाबेन. तीस वर्षं आम्हा खानदेशी लोकांच्या शेजारात काढल्यामुळे मराठी बोलतात, म्हणजे त्यांना तसं वाटतं. सोमवारी सकाळी नेहा अंघोळीला गेल्याचं बघून मी एका कापडी पिशवीत तांदूळ, सुपारी, हळदकुंकू घेतलं. मग विचार केला, तांदूळ काही कॅनडाला जाणार नाही. साडी ठेवावी, तर ऐनवेळी वजन जास्त भरलं म्हणून ती काढून टाकतील. नक्की जाणारच, हिच्याशिवाय प्रवासच होणार नाही, अशी वस्तू कोणती?

बरोबर ओळखलंत. फाइल! पासपोर्ट, मंजुरीचा कागद, याद्या, सगळं आत.

"आमच्यात याला पस्तानुं बोलतात," कोकिलाबेन पिशवी घेत म्हणाल्या. "तुमी तर मानत नाय ने?"

"मानत नाहीच. पण तेवढं नजरेपुढून हलवू नका. फार जोखमीचं आहे."

"पाटीलभाई, बेफिकर राहा!"

नेहाला मी एवढंच सांगितलं, फाइल माझ्याकडे आहे, तू हात लावायचा नाही. तिने लावला नाही. एकतीस वर्षांचं डिस्पॅच तिला पाठ होतं.

बुधवारी सकाळी आठला गाडी दारात. मुंबईला पोचायचं, संध्याकाळचं विमान. बॅगा डिकीत गेल्या. मी ऐटीत पिशवी आणायला वळलो.

कोकिलाबेनच्या दाराला कुलूप!

फोन लावला. वाजतोय, उचलत नाहीत. पुन्हा पुन्हा लावला. खालचा वॉचमन म्हणाला, बारडोलीची बहीण घसरून पडली म्हणून बेन सहालाच गेल्या. तुमची बेल वाजवत होत्या, तुम्ही उघडलं नाही. कसं उघडणार? नेहाची झोप मोडू नये म्हणून बेल मीच बंद करून ठेवली होती.

"नाना, चला ना. फाइल घेतली?" नेहाने विचारलं.

मी कुलपाकडे बोट दाखवलं. मग सगळं सांगितलं. प्रस्थान, बुधवार, तांदूळ, सुपारी.

पोरगी एरवी शुद्ध बोलते. त्या दिवशी थेट अहिराणीवर आली. "नाना, हाई काय करी ठेवं तुम्ही!"

आणि मटकन पायरीवर बसली. रडली नाही. डोळे मोठे करून नुसती त्या कुलपाकडे बघत राहिली. दीड वर्षात नवऱ्यासोबत पंधरा दिवस राहिलेली मुलगी ती.

इथे एक गोष्ट सांगतो, योगेशला सांगू नका. ते कुलूप बघून अर्धं मिनिट मला बरं वाटलं. वाटलं, राहिली. आता पुन्हा फॉर्म, पुन्हा फोटो, पुन्हा संध्याकाळी फाइल. अर्धंच मिनिट. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःची अशी लाज वाटली की ड्रायव्हरला ओरडलो, "तुझी टायर काढायची टॉमी आण! कुलूप फोडायचंय!"

"काका, दुसऱ्याचं घर आहे."

"माझं असतं तर किल्लीने उघडलं नसतं का?"

दोन तडाख्यांत कोयंडा निघाला. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या. नाट्यगृहात नसते इतकी गर्दी! आम्ही तिघं आत घुसलो. देवघर पाहिलं, कपाट पाहिलं, मी तर पिठाचा डबासुद्धा उघडला. नेहा पलंगाखाली, ड्रायव्हर फ्रिजमध्ये. पिशवी कुठेच नाही. एवढ्यात माझा फोन वाजला.

"पाटीलभाई, आठ वेळा फोन केला? पर्समध्ये होता, ऐकू नाय आला."

"बेन, पिशवी कुठंय?"

"मारी साथे छे ने! मांडीवरच आहे. तुमीच बोलला, नजरेपुढून हलवू नका. खाली घरात, कोनी नसताना, कशी ठेवू? बोला, तुमी कुठे आहात?"

मी त्यांच्या स्वयंपाकघरात, हाताला पीठ लागलेल्या अवस्थेत उभा होतो. म्हणालो, "जवळच आहे."

ठरलं असं की त्यांनी बारडोलीहून रिक्षाने पलसाण्याला यायचं, आम्ही हायवेने तिथे पोचायचं. फुटलेल्या दारापाशी वॉचमनला खुर्ची टाकून बसवला आणि निघालो. मी दोनदा म्हणालो, "वेळ आहे अजून." नेहाने दोनदा खिडकीबाहेर पाहिलं.

पलसाण्याला चौकात उभं राहून वीस मिनिटं मी प्रत्येक रिक्षाला हात केला. सात रिक्षा थांबल्या, त्यातल्या पाचांनी शिव्या दिल्या. मग एकीतून कोकिलाबेन उतरल्या. पिशवी पोटाशी धरलेली, तान्हं बाळ धरावं तशी. मी हात पुढे केला, तर मागे सरकल्या.

"तुमच्या हातात नाय. जे जानार, तेच घेनार."

आणि तिथे, डंपर आणि ट्रकच्या धुरात, त्या बाईने पिशवी नेहाच्या हातात दिली, बारडोलीहून आणलेला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला आणि तिला छातीशी धरलं. तेव्हा मात्र नेहा रडली. फाइल मिळाल्यावर. बायकांचं हे मला कधी कळलं नाही. माझ्या डोळ्यांत गेलेली धूळ होती.

निघताना मी म्हणालो, "कोकिलाबेन, एक राहिलं. तुमच्या घराचं दार जरा उघडं आहे."

"उघडं? मी कुलूप लावून आली!"

"कुलूपही आहे. टीपॉयवर ठेवलंय. कोयंड्यासकट."

त्या काय म्हणाल्या ते गुजराती होतं. सगळं समजलं, पण इथे सांगण्यासारखं नाही.

मुंबईला तीनला पोचलो. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, त्यामुळे काचेच्या दारापाशीच निरोप. नेहा पाया पडली. "येते, नाना. गोळ्या वेळेवर घ्या." मी वाटेत एक चांगलं वाक्य जुळवून ठेवलं होतं. वाचणाऱ्या माणसाला शोभेल असं. तोंडातून निघालं, "यादीची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवायची, शिक्का मारून घेऊन."

ती हसली आणि आत गेली. काचेतून बराच वेळ दिसत होती. मग पिवळ्या बॅगांचं एक मोठं कुटुंब मध्ये आलं.

गुरुवारी संध्याकाळी सातला तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन. टोरंटोहून.

"झालं नाना! दहा मिनिटांत झालं. सही घेतली, पत्ता विचारला, वेलकम म्हणाले."

"बाकी प्रश्न?"

"काही नाही."

"काहीच नाही? मागून काय येणार, ते तरी?"

"यादी घेतली, शिक्का मारला. आता हॅलिफॅक्सच्या विमानाला पावणेपाच तास आहेत."

"मग काय करणार एवढा वेळ?"

"तुम्हीच सांगा. पाच तास तुम्हीच काढलेत ना!"

मग आम्ही बोलत बसलो. कोकिलाबेनना नवं कुलूप आणून दिलं ते सांगितलं, त्या अजून अबोला धरून आहेत, पण ढोकळा मात्र पाठवला, तेही सांगितलं. नेहा इतकी हसली की शेजारचा गोरा उठून दुसरीकडे बसला म्हणे. तासाभराने तिच्या फोनची बॅटरी संपत आली आणि आम्ही ठेवला.

ठेवल्यावर आठवलं, जेवलीस का, हे विचारायचंच राहिलं. लगेच फोन उचलला, व्हॉट्सअ‍ॅपऐवजी सवयीने साध्या फोनवरच नेहाच्या नावावर बोट दाबलं.

इकडे माझ्या कानात रिंग सुरू झाली आणि तिकडे आतल्या खोलीत नेहाचा फोन वाजायला लागला.

मी कानाला फोन तसाच धरून खुर्चीतून हाक मारली, "नेहा, फोन वाजतोय गं तुझा! बघ कोणाचाय!"

वाजतच होता. मी जरा चिडलोच. ही पोरगी ऐकत कशी नाही? उठलो, आत गेलो. तिचा जुना फोन उशीवर चमकत होता. बँकेचे मेसेज त्या नंबरवर येतात म्हणून मागे ठेवून गेलेली. त्यावर नाव होतं, 'नाना'.

आता एवढं अगत्याने कोणी फोन करतंय म्हटल्यावर उचलायला नको? उचलला. एक या कानाला, एक त्या कानाला. आणि विचारून टाकलं, "जेवलास का?"

दोन्हीकडून एकच म्हातारा एकदमच बोलला. उत्तर मात्र दोघांपैकी एकानेही दिलं नाही.