फुकटचं देऊळ आणि आमच्या तलावाचं दार

मंडळी, आज सकाळी तलावाच्या पाळीवर एक पाहुणा आला. म्हणे, "तुमच्या माताबाईचं देऊळ फुकट बांधून देतो." बायांनी लगेच हात जोडले.

आमची माताबाई मोहाच्या झाडाखाली, उघड्यावर. तिला नारळ दिल्याशिवाय आम्ही धानाला पाणी सोडत नाही. पण पाहुण्यानं चुन्याची खूण केली ती थेट तुडुमावर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर.

मी विचारलं, "पाहुणे, माताबाई तिकडं. देऊळ इथी काऊन?"

शेजारची सखूबाई हसली, "भाऊ, तुमाले देवळाचाही संशय येते काजी?"

पाहुणा हसला नाही. त्यानं विचारलं, "उन्हाळ्यात पाणी किती उरतं?"

देऊळ बांधणाऱ्याला ते कशाला हवं? उद्या देवळाला कुलूप लागलं, तर आमच्या पाण्याचं दार कोणाला विचारून उघडायचं? सांगा बरं.