दिवेआगरचे ओले पंप

"दिवेआगरचं सर्व्हिस सेंटर बंद करून टाका," साहेब म्हणाले. "नवा पंप तिथे कोणी घेतच नाही."

मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रँड मॅनेजर आहे. म्हणजे आमचं नाव लोकांच्या मनात टिकून राहावं, यासाठी पगार घेते.

"सर, दुसऱ्या कंपनीची तिथे एक्स्चेंज स्कीम चालू आहे. जुना पंप द्या, नवा सवलतीत घ्या. पण आमचा एकही पंप त्यांच्याकडे गेलेला नाही."

"कशावरून?"

"त्यांचा डीलरच सांगत होता. वैतागलाय बिचारा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "का गेला नाही ते बघून या. मग ठरवू."

समोर स्वस्त माल असूनही गिऱ्हाईक हलत नाही, याला आमच्या धंद्यात ब्रँड लॉयल्टी म्हणतात. ती मिळावी म्हणून आम्ही जाहिराती करतो, कॅलेंडरं वाटतो, मेळावे घेतो. दिवेआगरला यातलं आम्ही काहीच केलेलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटर म्हणजे पत्र्याची एक शेड आणि पन्नाशीचा एक मेकॅनिक. त्यांना मी इथे दत्ताराम म्हणते. आमचे पंप विकणं आणि दुरुस्त करणं, दोन्ही तेच बघायचे. ते आमचे नोकर नव्हते, कामाप्रमाणे पैसे मिळायचे. मी प्रश्नांची यादी काढली, तर म्हणाले, "मला काय इचारता? वाडीत चला. लोकांनाच इचारा."

पहिली वाडी विद्याताईंची. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. नारळ-सुपारीची वाडी आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या. विहिरीजवळ आमचा पंप. रंग उडालेला, पण वर दसऱ्याचं हळदकुंकू.

"एक्स्चेंजमध्ये त्यांचा नवा का घेत नाही?" मी विचारलं.

"का घेऊ? वादळात तुमच्या कंपनीने जे केलं, ते सख्खे नातेवाईक करत नाहीत."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. चक्रीवादळात त्यांच्या बहुतेक पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. पंप पाण्यात बुडाला. रस्ते बंद, फोन बंद, लाइट नाही.

"तिसऱ्या दिवशी हा दत्ताराम पडलेली झाडं ओलांडत आला. म्हणाला, कंपनीनं पाठवलंय, सगळ्यांचे पंप उघडून वाळवायचेत."

मोटरच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला वाइंडिंग म्हणतात. ती ओली असताना वीज सोडली तर मोटर जळते. लाइट येण्याआधी प्रत्येक मोटर उघडून सुकवणं हाच उपाय.

"मी पायरीवर रडत बसले होते हो," विद्याताई म्हणाल्या. "म्हटलं, वाडीच राहिली नाही, पंप काय करायचाय? तर हा म्हणाला, बाई, रोपं लावायचीत ना? मग पाणी लागंलच. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा वाडी उभी राहील."

त्या दिवशी आम्ही आणखी चार वाड्या फिरलो. सगळीकडे तेच. दत्तारामच्या स्वतःच्या शेडचे पत्रे उडाले होते. त्या उघड्या जमिनीवर त्यांनी साठ-सत्तर मोटरी आमसुलांसारख्या उन्हात वाळत घातल्या होत्या. लाइट आली तेव्हा त्यातली एकही जळली नाही.

पण वादळानंतर आम्ही तिथे कोणालाही पाठवलं नव्हतं. सगळ्या सर्व्हिस सेंटरांना फक्त एक पत्र गेलं होतं: नैसर्गिक आपत्तीतलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, तशी ग्राहकांना कल्पना द्यावी. त्याचा मसुदा माझा होता.

परतताना मी विचारलं, "दत्तादादा, तुम्हाला कोणी पाठवलं होतं?"

"कुनी न्हाय."

"पत्र मिळालं नव्हतं?"

"मिळालं व्हतं की, रस्ता उघडल्यावर. दुमडून ठेवलं."

"मग कंपनीचं नाव का सांगितलंत?"

ते थांबले. "पंप इकताना मी काय बोललो व्हतो? कंपनी तुमच्या पाठीशी हाय. आता येळ आली आन कंपनीचं कुनीच न्हाय, ह्ये कुठल्या तोंडानं सांगू? लोकांचं आधीच सगळं पडलं व्हतं."

स्वतःच्या शेडचे पत्रे उडालेले असताना हा माणूस गावभर फिरून एकेक मोटर काढत होता, आणि श्रेय आम्हाला देत होता. अशा विश्वासावर मी मोठमोठी प्रेझेंटेशनं दिली आहेत. तो तयार होतो कसा, हे मात्र त्या पाऊलवाटेवर पहिल्यांदा समजलं.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं, माझ्या पत्रासकट. साहेबांनी तो दोनदा वाचला. "असं खरंच कोणी करतं?" एवढंच म्हणाले. सेंटर राहिलं. दत्ताराम पगारावर आले. स्वतःहून त्यांनी एकच गोष्ट मागितली: जड मोटरी उचलायला चेन-पुली.

आमच्या जाहिरात विभागाला त्यांच्यावर फिल्म करायची होती. त्यांनी हात जोडले. "नको मॅडम. लोकांना कळंल ना, कंपनी आलीच नव्हती म्हनून."

कंपनीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, ते त्यासाठीच. पत्रांचे मसुदे मी अजूनही करते. फक्त सही करण्याआधी एक गोष्ट विचारते: हे गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून कोणाला सांगावं लागणार आहे? बरीच पत्रं तिथेच रद्द होतात.