ताईला माळ दाखवायचा होता

ताई अमेरिकेत पहिल्यांदाच आली तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, हिला ते पठार दाखवायचंच. वेस्ट व्हर्जिनियात डोंगरमाथ्यावर पसरलेला राखीव माळ आहे तो. खाली दाट जंगल आणि वर गेलं की सगळं एकदम उघडं: ब्लूबेरीची गुडघ्याएवढी झुडपं, शेवाळानं भरलेली दलदल आणि वाऱ्यामुळे एकाच बाजूला फांद्या उरलेली, सुईसारख्या पानांची स्प्रूसची झाडं. ऑक्टोबर लागला की झुडपं लालभडक होतात. आम्ही राहतो त्या एडिसन शहरात इतकी वर्षं काढली, पण या देशात ‘हे माझं’ असं मला वाटलं ते तिथंच. ताई साताऱ्याची, कासच्या पठारावर दरवर्षी जाणारी. तिला ते आवडणारच, असं मी धरून चालले होते.

नवरा कामासाठी बाहेरगावी होता, त्यामुळे आम्ही दोघीच निघालो. पायथ्याच्या गावात केबिन बुक केली होती. वाटेत ताईनं ‘अजून किती?’ इतक्यांदा विचारलं की शेवटी मी गाणी लावली. पोचलो तर केबिनचं वायफाय बंद, फोनला सिग्नल नाही. ताईला रोज सकाळी नातू व्हिडिओ कॉलवर दिसायचा.

‘‘म्हणजे उद्या बाळ दिसणार नाही?’’

‘‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, ताई.’’

ती शाल गुंडाळून बसली. तिचं न बोलणं मला लहानपणापासून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी खडीच्या रस्त्यावरून हादरे खात वर गेलो आणि धुक्यात शिरलो. गाडीचं बॉनेट तेवढं दिसत होतं. तरीही मी तिला खाली उतरवलं. दलदलीवर लाकडी फळ्यांची पायवाट आहे, तिच्यावरून थोडं चाललो. फळ्या ओल्या होत्या आणि वारा कानात घुसत होता.

‘‘इथं काय बघायचं?’’ ताईनं विचारलं.

‘‘धुकं गेलं की दिसेल.’’

‘‘कासला निदान धुक्यात पायाशी फुलं तरी दिसतात गं.’’

मी तिला गाडीत बसवून हीटर लावला. दुपारपर्यंत थांबलो. धुकं तसूभर हललं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी लख्ख ऊन पडलं. मी थर्मास भरला, बूट चढवले आणि ताईला हाक मारली. ती पलंगावरूनच म्हणाली, ‘‘तू जाऊन ये. माझे गुडघे दुखतायत.’’

माझा तोल गेला. ‘‘अगं, सहा तास ड्राइव्ह करून तुला आणलंय! रजा काढली, बुकिंग केलं, ते काय माझ्यासाठी?’’

‘‘मी म्हटलं होतं का, आण म्हणून?’’ ताई उठून बसली. ‘‘आल्यापासून नुसती फिरवतेयस. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं. गाडीत तू रस्ता बघतेस, घरी आलीस की लॅपटॉप. एकदा तरी माझ्याजवळ निवांत बसलीस?’’

मी दार आपटून निघाले.

वर सगळा माळ पेटल्यासारखा लाल झाला होता. मला जे तिला दाखवायचं होतं ते अगदी तसंच्या तसं समोर होतं, आणि मी त्याच्याकडे बघत मनातल्या मनात भांडत होते. नायगारा बघायचा हट्ट कुणाचा होता? मी बसले असते तर स्वयंपाक कुणी केला असता? रागारागानं खूप फोटो काढले आणि लगेच परत फिरले.

केबिनजवळ आले तर कर्कश भोंगा ऐकू आला. ताई थंडीत अनवाणी अंगणात उभी, हातात उलथणं.

‘‘पिठल्याला फोडणी दिली फक्त! हे बोंबलायलाच लागलं!’’ ती रडकुंडीला आली होती.

मी आत जाऊन खिडक्या उघडल्या आणि स्मोक अलार्मखाली टॉवेल झटकत राहिले. तो थांबेपर्यंत माझे खांदे भरून आले. करपलेलं पिठलं भाताबरोबर आम्ही खाल्लं. मग मी तिला फोनवरचे फोटो दाखवले. तिनं एकेक मोठा करून बघितला.

‘‘छान आहे,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या निघताना जाऊ या का वर?’’

पण रात्री जोराचा वारा सुटला, आणि सकाळी वर जायचा रस्ता झाड पडल्यामुळे बंद होता. आडव्या लावलेल्या फाटकापुढे मी गाडी वळवली. ताई म्हणाली, ‘‘राहू दे गं.’’ ‘राहू दे’ म्हणणं तिला किती सोपं जात होतं, याचाच मला पुन्हा राग आला.

घरी पोचल्यावर मी ऑफिसला कळवून आणखी एक दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडलाच नाही. चहाचे कप घेऊन सोफ्यावर ताईशेजारी जाऊन बसले. आईच्या आजारपणाबद्दल थोडं बोललो, मग काकूच्या घराबद्दल. नंतर ताई नातवाशी व्हिडिओवर बोलली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

‘‘आज कुठं जायचं नाही?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही. आज बसायचं.’’

‘‘अगं, पण दिवसभर नुसतं बसून काय करायचं? ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत जाऊन येऊ. सुनेसाठी काहीतरी घ्यायचंय.’’

मी गाडीची किल्ली घेतली.