शोभाताईंच्या नावापुढची हिरवी टिक

ऑडिटच्या आदल्या दिवशीची दुपार. बारामतीजवळच्या आमच्या फळांच्या पल्प प्लांटमध्ये मी लॅपटॉपसमोर बसलो होतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवं होतं... एक नाव सोडून.

मी तिथे कम्प्लायन्स बघतो. कुणाचं ट्रेनिंग झालं, कुठलं मशिन तपासलं, कुठला कागद राहिला, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. झालेलं हिरवं दिसतं, राहिलेलं लाल. आणि सगळ्यात वर ऑडिटला आपण किती तयार आहोत त्याचा टक्का. आमचे प्लांटचे साहेब रोज सकाळी चहाबरोबर तोच बघतात.

लाल नाव होतं शोभाताईंचं. लोणी भापकरहून एसटीने येणाऱ्या, टाक्या धुणाऱ्या बायकांपैकी एक. टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतात आणि तो कसा हाताळायचा याचं तासाभराचं ट्रेनिंग प्रत्येकीला द्यावं लागतं. ज्या दिवशी ते ठेवलं, त्याच दिवशी इंदापूरहून पेरूच्या गाड्या एकदम आल्या... शोभाताईंना लाइनवरून सोडलंच नाही.

मी टिक केली. सोमवारी त्यांना वेगळं घेऊन बसू, असं मनाशी म्हणून. टक्का शंभर झाला. ऑडिट उत्तम झालं, पेढे वाटले. शोभाताईंच्या हातावरही मीच पेढा ठेवला.

सोमवारी मी विसरलो. नाव लाल असतं तर सॉफ्टवेअरने रोज सकाळी मेल पाठवून मला टोचलं असतं. हिरव्याची आठवण ते कशाला करून देईल...

पुढच्या आठवड्यात सोडा कालवणारा माणूस रजेवर होता. ते काम शोभाताईंना सांगितलं. आधी पाणी घ्यायचं आणि मग त्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, एवढी साधी गोष्ट. त्यांनी बादलीत आधी सोडा घेतला आणि वरून पाणी ओतलं. ते उकळून उसळलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले... उजवा हात आणि मान भाजली.

दुसऱ्या दिवशी चौकशीची मीटिंग. भिंतीवर माझाच डॅशबोर्ड लावला होता. शोभाताईंचं नाव, पुढे हिरवी टिक. साहेब म्हणाले, "ट्रेनिंग दिलेलं आहे. म्हणजे निष्काळजीपणा त्यांचा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. हे लिहितानाही लाज वाटतेय.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. हाताला कोपरापर्यंत पट्टी. मला बघून उठून बसायला लागल्या.

"सर, माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "हापिसातली मॅडम सांगून गेली, तुमाला शिकवलं हुतं म्हून. म्या सकाळपासनं आठवतीया... कवा शिकवलं, कुठं बसलो हुतो, कायबी आठवंना. माझं डोस्कं फिरलंय का काय, कळंना झालंय."

मला वाटलं होतं, त्या रागावतील. शिव्या देतील. पण ही बाई भाजलेला हात घेऊन न झालेलं ट्रेनिंग आठवत बसली होती... माझ्या एका टिकवर तिचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

"ताई, तुम्हाला शिकवलंच नव्हतं," मी म्हणालो. "मी खोटं भरलं."

त्यांनी पट्टीचा हात उचलून मांडीवर घेतला. मग एवढंच म्हणाल्या, "म्हंजी मी इसरले न्हाय." आणि रडायला लागल्या. आदल्या दिवसापासून रडल्या नव्हत्या, असं शेजारी बसलेल्या त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं.

तिथेच व्हरांड्यात उभं राहून मी साहेबांना मेल लिहिला. ट्रेनिंग झालं नव्हतं, नोंद मी केली, चूक माझी. नोकरी जाईल असं धरून चाललो होतो. गेली नाही. मेमो मिळाला, सॉफ्टवेअरचे अधिकार काढून घेतले. चौकशीच्या कागदावरून शोभाताईंवरचा ठपका निघाला. गाड्या आल्या म्हणून त्यांना ट्रेनिंगला न सोडता लाइनवर कुणी अडवून धरलं, हे मात्र त्या कागदात कुठेच आलं नाही.

हात बरा झाला, असं म्हणतात. पण दोन बोटं आता मिटत नाहीत. परवा लोणी भापकरला त्यांच्या घरी गेलो होतो. डाव्या हाताने भाजी निवडत होत्या... देठ तोडता तोडता पालाही सांडत होता.

कामावर येणार का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, "माझ्या जागी नवी बाई आली आसंल न्हवं? तिला आधी दाखवा सर. नीट बसवून दाखवा."

मी व्हय म्हणालो. निघताना त्या दारापर्यंत आल्या, "हळू जावा" म्हणाल्या... माफ केलं का, हे विचारायचा धीर झाला नाही.

नव्या बाईंना काल दाखवलं. कागदावर नाही, बादली समोर ठेवून. दोनदा त्यांच्याकडून करून घेतलं. शोभाताईंसाठी आता माझ्या हातात एवढंच उरलंय, आणि ते फार उशिराचं आहे.