आईच्या ताटातला भात

माणिकपूरच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. अन्नसाखळीत एका पायरीवरून वरच्या पायरीवर जेमतेम दहा टक्के ऊर्जा पोचते, बाकीची जगण्यातच खर्ची पडते, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. वर्गात मुलं वहीत उतरवून घेतात. घरात मला कुत्रं विचारत नाही.

यंदा उपवासकाळ लागला आणि वडील पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. आमच्या पापडी गावात ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपास धरायचा आणि वाचलेला घास दुसऱ्याच्या पोटी घालायचा, ही जुनी रीत. आईने तो दुसरा परसातच शोधला. दुपारचा आपला भात ती कोंबड्यांपुढे टाकायची आणि दोन-तीन दिवसांनी त्यातली एक कापून वडिलांना सूप द्यायची. बाजारची कोंबडी तिला चालत नसे. तिच्यात म्हणे आपला उपास नसतो.

वडील कसेबसे दोन चमचे घेत. उरलेलं मांजर प्यायचं, कारण आई उपवासात मांस तोंडात घालत नाही.

ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. एका दुपारी माझं डोकं फिरलं.

"आई, शंभर घास कोंबडीला घातलेस तर तिच्या अंगी दहा लागतात. त्यातला पप्पांना एक मिळणार, तोही मांजर खातंय! भात तू खा. निदान तू तरी उभी राहशील."

"बाय, सगळं गणितानं होतं का गं?"

"भूक गणितानंच भागते," असं म्हणून मी ताट तिच्यासमोर आदळलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय! ती खाली मान घालून सगळा भात जेवली. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्याची आता लाज वाटते.

चार दिवसांनी वडील गेले.

दफन उरकून घरी आलो. पाव्हणे पांगले, तशी आई ओटीवर माझ्याशेजारी येऊन बसली.

"मी एक दिवस जेवले ना," ती म्हणाली. "तेवढंच कमी पडलं त्यांना."

तो आजारच बरा होणारा नव्हता, हे मी तिला परोपरीने सांगितलं. डॉक्टरांचे शब्द सांगितले. तिने शिकलेल्या मुलीचं ऐकतात तसं ऐकून घेतलं, एवढंच.

ईस्टर होऊन गेला तरी ती दुपारी जेवत नाही, आणि जेव म्हणायला मला तोंड उरलेलं नाही.