आईच्या चष्म्यावरचे ठसे

मित्रहो, आईला जाऊन महिना झाला. तिच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंची एक छोटी छायाचित्रमालिका करावी, असे मनात होते. आज अंबरनाथच्या घरी ती पूर्ण केली. पांढरी पार्श्वभूमी, खिडकीचा सौम्य प्रकाश, चौकटीत एकही अनावश्यक रेष नाही. अशा कामात बहुतेक लोक हळवेपणाच्या आड ढिसाळपणा लपवतात. मला ते मान्य नाही.

दुपारी उल्हासनगरहून धाकटी बहीण आली. टेबलाकडे पाहून म्हणाली, "दादा, दुकान मांडलंयस का?"

मग तिने आईची शाल उचलून नाकाशी धरली. "ही धुतलीस?"

"डाग होते."

"आणि चष्मा?"

"काचांवर बोटांचे ठसे होते. फोटोत दिसले असते."

"तिचेच होते ना रे ते!"

मी शाल हातात घेऊन हुंगली. रडू आले नाही. शालीला साबणाचा वास येत होता, इतकेच कळले.

बहिणीने ओट्यावरचा मिसळणाचा डबा उघडला. झाकणाच्या आत हळदीने माखलेल्या अंगठ्याचा ठसा होता. "याला हात लावू नकोस हं," असे म्हणत तिने मोबाइलवर फोटो काढला. तो तिरका आहे, प्रकाश वाईट आहे आणि त्यावर तिची सावली पडली आहे.

माझी सगळी छायाचित्रे निर्दोष आहेत. इथे मात्र तिने काढलेला फोटो देत आहे, काहीही न सुधारता.

तुमच्या घरात कोणाची एखादी वस्तू अजून न धुतलेली आहे का? असेल, तर राहू द्या.